शरणपूरची उद्योगशाळा

नाशिकच्या जुन्या गावठाणाच्या पश्चिमेला, आज शरणपूर रोड ज्या भागातून जातो तिथे, १८५० च्या दशकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने एक छोटी वसाहत उभी केली. या सोसायटीचे नाशिकमधले काम १८३२ पासून चालू होते. वसाहतीची कल्पना मात्र विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज पाद्र्याची. प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथ मुलांची राहण्याची सोय आणि सुतार-लोहारांच्या कामाची कर्मशाळा असा तिचा पसारा होता. मुलांच्या हाताला काम दिले की त्यांचे शीलही घडते, या समजुतीवर पश्चिम भारतात झालेल्या पहिल्या काही प्रयोगांत शरणपूरची गणना करावी लागते. प्रयोगाचा निकाल लागला तो नाशिकपासून हजारो मैलांवर, मध्य आफ्रिकेत. आणि प्रयोग करणाऱ्यांनी जसा कल्पिला होता तसा तो लागला नाही.

कर्मशाळेची सुरुवात मुळात पोटाच्या प्रश्नातून झाली. नाशिक हे तीर्थक्षेत्र. इथे धर्मांतर करणाऱ्याला घर, नातीगोती आणि विहिरीचे पाणी यांच्याबरोबर धंदाही सोडावा लागे. गावगाड्यात कसब जातीतून जातीत उतरत असे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरायला शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता घण मारायला लागे. जातीबाहेर पडलेल्याला ना बलुते मिळे, ना शिकवायला उस्ताद. त्यामुळे नव्या ख्रिस्ती कुटुंबांना आणि अनाथ मुलांना स्वतःच्या पायावर उभे करायचे, तर मिशनला स्वतःचीच कर्मशाळा चालवणे भाग होते. यातून एक गोष्ट घडली, जिची दखल त्या काळी फारशी कुणी घेतली नाही. निरनिराळ्या जातींतून आलेली, किंवा ज्यांची जात कुणालाच ठाऊक नव्हती अशी, मुले एकाच बाकावर पटाशी चालवू लागली. कसब हा वंशाचा वारसा न राहता शाळेतला विषय झाला.

या व्यवहाराला नीतीची जोड इंग्लंडमधून आली. तिथल्या गरीब वस्त्यांतील मुलांसाठी निघालेल्या उद्योगशाळांमध्ये असे मानत, की रिकामा हात गुन्ह्याकडे वळतो आणि कामात गुंतलेला हात माणसाला वळण लावतो. मुंबई इलाख्यात ही कल्पना लवकर रुजली. १८५० साली अनाथ आणि गरीब मुलांना कारागिराकडे उमेदवारीवर बांधून देण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी जॉर्ज बुइस्ट याने मुंबईत सुधारगृहाला जोडलेली उद्योगशाळा काढली. बुइस्ट हा ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक, शिवाय भूगर्भशास्त्र आणि हवामान यांचा हौशी नव्हे तर चांगला अभ्यासक. कुलाब्याची वेधशाळा काही काळ त्याच्या देखरेखीखाली होती. पुढे १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने उद्योगशाळा-सुधारगृह उभे राहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचा हेतू निराळा होता. तिला कारागिरीचा दर्जा उंचावायचा होता, तर सुधारगृहांना कारागिराचे मन वळवायचे होते. शरणपूर या दुसऱ्या प्रवाहातले.

शरणपूरला वेगळेपण आले ते आफ्रिकेतून आलेल्या मुलांमुळे. ब्रिटिश सरकार आणि ओमान-झांजिबारचा सुलतान यांच्यात १८४५ मध्ये करार झाला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बाहेर गुलाम पाठवण्यावर बंदी आली. व्यापार मात्र थांबला नाही. ब्रिटिश लढाऊ जहाजे हिंदी महासागरात गस्त घालून गुलाम वाहणारी गलबते पकडू लागली, आणि सुटका झालेल्यांपैकी पुष्कळांना मुंबईत उतरवले जाई. त्यात लहान मुले बरीच असत. याओ, न्यासा अशा जमातींची ही मुले सरोवरांच्या मुलखातून पळवून आणलेली होती. त्यांचे गाव कुठे, हे सांगण्याइतकाही भूगोल त्यांना माहीत नसे आणि परत पाठवावे तर पुन्हा गुलामीत सापडण्याची भीती. मुंबईत चार्ल्स इसेनबर्ग या मिशनऱ्याने त्यांच्यातल्या काहींना शिकवायला सुरुवात केली होती. १८६० च्या सुमारास हे काम शरणपुरात आले आणि ‘आफ्रिकन असायलम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अशा रीतीने गोदाकाठच्या गावाजवळ आफ्रिकी मुलांची एक पिढी वाढली. ही मुले इंग्रजी शिकली, स्थानिक भाषाही शिकली आणि काहींची मायबोली जिभेवरून पुसट होत गेली.

त्यांची नावे पाहिली की संस्थेचा स्वभाव कळतो. सायमन प्राइस, रिचर्ड इसेनबर्ग, जेम्स रतन, कॅरस फरार. प्राइस आणि इसेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावे. फरार हे नाशिकच्या एका जुन्या मिशनऱ्याचे. रतन हे आडनाव नाशिकलाच ख्रिस्ती झालेल्या रतनजी नवरोजी या पारशी गृहस्थावरून आलेले दिसते, जे पुढे औरंगाबाद भागात पाद्री म्हणून प्रसिद्ध झाले. मुलाला नवे नाव, नवा धर्म, नवी भाषा आणि नवा धंदा एकदम देण्यात दया होती, तशीच त्याला कोऱ्या पाटीसारखे समजण्याची वृत्तीही होती.

शिक्षणाचा क्रम साधा होता. वाचन, लेखन, हिशेब आणि बायबल हे वर्गात. मुलग्यांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम हे कर्मशाळेत. मुलींना शिवण आणि घरकाम. मिशनच्या दृष्टीने हातकाम म्हणजे शिस्तीचे साधन. वेळेवर उठणे, सांगितलेले काम पुरे करणे, हत्यार जागच्या जागी ठेवणे, वरच्या माणसाचे ऐकणे यातून चांगला ख्रिस्ती आणि चांगला कारागीर एकाच वेळी तयार होईल, अशी धारणा होती. यातले ‘ऐकणे’ सर्वांत महत्त्वाचे मानले जाई.

कर्मशाळा मात्र याहून वेगळे काहीतरी शिकवते, मग ती चालवणाऱ्याचा हेतू कोणताही असो. ओळंब्याला भिंत तिरकी दिसली की ती कुणी बांधली याला महत्त्व राहत नाही; ती उतरवावी लागते. ओल्या लाकडाची चौकट आज गुण्यात बसली तरी उन्हाळ्यात ती वाकते. लोखंड लाल झाले की पिवळे, हे डोळ्यांनी पारखावे लागते आणि पोलादी हत्याराला पाणी देताना क्षणभर उशीर झाला तर धार राहत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून तापवावी लागते. तापल्यावर फुगते, चाकावर बसते, आणि थंड होताना आरे-पुठ्ठे घट्ट आवळून धरते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा याहून स्पष्टपणे शिकवता येणार नाही. इथे चूक गुरूच्या मर्जीवर ठरत नाही, वस्तूच ती दाखवते. आज्ञा पाळण्याची सवय आणि वस्तूने दिलेला निवाडा मान्य करण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरणपूरने पहिलीसाठी मुलांना कर्मशाळेत पाठवले. त्यातल्या काहींनी तिथून दुसरीही आणली, असे पुढच्या घटनांवरून म्हणता येते.

पद्धतीतली उणीवही सांगायला हवी. जे घडते ते का घडते, हे सांगण्याची जबाबदारी कुणावर नव्हती. धाव का आवळते याचा उलगडा वर्गात होत नसे, कारण वर्गात बायबल आणि हिशेब होते. सरकारी शाळांत नेमके उलटे होते. मराठीत पदार्थविज्ञानाची पुस्तके १८३० च्या दशकातच निघू लागली होती; हरि केशवजींनी तर हे शास्त्र संवादरूपात उतरवले. पण ती वाचणारा विद्यार्थी पुढे कारकून किंवा मास्तर होई आणि भात्याच्या जवळही फिरकत नसे. कारण जाणणारे आणि करणारे असे दोन वर्ग दोन वेगळ्या शाळांत तयार होत होते. ही फाळणी मिशनने निर्माण केली नव्हती, पण ती बुजवण्याचा विचारही तिथे झाला नाही.

१८६४ मध्ये शरणपूरचे विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तरुण मोंबासाजवळच्या रबाई इथे मिशनच्या कामाला गेले. पुढच्या वर्षी आफ्रिकेचा प्रवासी-शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. नाईलच्या उगमाच्या शोधासाठी त्याला माणसे हवी होती. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याचा त्याला पाठिंबा होता. लिव्हिंग्स्टन नाशिकला जाऊन आला आणि शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला तयार झाले. ३ जानेवारी १८६६ रोजी ‘थूल’ जहाजाने ही मंडळी मुंबईहून निघाली. बरोबर हिंदी शिपायांची तुकडी, उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवे होती. म्हशी आणि उंट नेण्यामागे एक प्रयोग होता. आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्याने गुरे मरतात. हिंदुस्थानातली जनावरे तिच्यापुढे टिकतात का, हे लिव्हिंग्स्टनला पाहायचे होते. जनावरांची निगा इतकी वाईट राखली गेली, की ती माशीने मेली की माराने आणि ओझ्याने, हे ठरवणेच अशक्य झाले. प्रयोग फसला.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ‘नाशिकच्या मुलां’विषयी तक्रारींची कमतरता नाही. ती आळशी आहेत, शिपायांच्या नादाने बिघडली, ओझे टाकून देतात, असे तो पुन्हा पुन्हा लिहितो. उद्योगशाळेने घडवलेले शील पहिल्याच परीक्षेत नापास झाले, असे वाचणाऱ्याला वाटावे. पण त्याच रोजनिशीत दुसरेही सापडते. याओ मुलखातल्या मटाका या सरदाराच्या गावी अब्राहम नावाच्या मुलाला त्याचा सख्खा काका भेटला. आई आणि दोघी बहिणी आपल्यामागे विकल्या गेल्या, हे त्याला तिथे कळले. काकाने, सरदाराने आणि स्वतः लिव्हिंग्स्टनने त्याला तिथेच राहायचा आग्रह केला. आई-बहिणी नसलेल्या गावात राहण्यात त्याला अर्थ वाटला नाही. तो पुढे चालू लागला. रिचर्ड वाटेतच आजारी पडून वारला. पुढे जेम्सचा बाण लागून मृत्यू झाला. काही जण सोडून गेले. १८७० च्या जूनमध्ये लुआलाबा नदीकडे निघताना लिव्हिंग्स्टनच्या सोबत तिघेच उरले होते: त्याचे जुने आफ्रिकी सोबती सुसी व चुमा आणि शरणपूरचा एडवर्ड गार्डनर. वेठबिगारीसारखे ओझे वाहायला कुरकुरणारा माणूस आणि शेवटपर्यंत सोबत राहणारा माणूस हे परस्परविरोधी नसतात, हे रोजनिशी लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले फारसे दिसत नाही.

१८७२ मध्ये नाशिकच्या आणखी सहा जणांची तुकडी झांजिबारमार्गे पाठवली गेली: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड रतन आणि बेंजामिन रतन. ही माणसे ऑगस्टमध्ये लिव्हिंग्स्टनला मिळाली. पुढच्या वर्षी, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. आता हुकूम देणारा कुणी नव्हता. मृतदेह तिथेच पुरून प्रत्येकाने आपली वाट धरली असती तरी कुणी बोल लावला नसता. सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने सर्वांनी मिळून देह समुद्रापर्यंत आणि तिथून इंग्लंडला पोचवायचे ठरवले.

हे ठरवल्यावर जे केले ते पायरीपायरीचे, नेटके काम होते. फरार आणि झांजिबारला एका डॉक्टरकडे चाकरी केलेला एक सहकारी यांनी मिळून देहातली आतडी आणि हृदय काढले. ते एका झाडाखाली पुरताना जेकबने इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली. देहात मीठ भरले, तो सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवला आणि वरून शिडाच्या कापडात शिवून डांबर लावले. जेकबने झाडाच्या खोडावर मजकूर कोरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने लिव्हिंग्स्टनच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडून वस्तूंची यादी केली, म्हणजे पुढे काही हरवल्याचा आळ कुणावर येऊ नये. रोजनिश्या, नकाशे, उपकरणे सगळे नोंदले गेले. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासाचे कागद आज अभ्यासकांना मिळतात त्यामागे ही यादी करण्याची बुद्धी आहे. तिच्यात भक्ती होतीच, पण मोजणे, नोंदणे आणि साक्षीदार ठेवणे ही वर्कशॉपला शोभणारी शिस्तही होती.

किनाऱ्यापर्यंतची वाट हजार मैलांहून अधिक. ती नऊ महिन्यांत पार झाली. उन्यान्येंबे इथे लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेला लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. देह इथेच पुरावा, असे त्याचे म्हणणे. त्याने पेट्यांतली उपकरणे स्वतःच्या मोहिमेसाठी घेतलीही. देहाबाबत मात्र या माणसांनी त्याचे ऐकले नाही. शरणपूरला ज्या आज्ञाधारकपणाचा अभिमान होता, तो या प्रसंगी निरुपयोगी ठरला असता. फेब्रुवारी १८७४ मध्ये मंडळी किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचली. तिथे बहुतेकांना पगार देऊन निरोप मिळाला. मिशनच्या खर्चाने एकटा जेकब वेनराइट इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्ययात्रेत शवपेटी धरणाऱ्यांत तो एक होता. सुसी आणि चुमा यांना इंग्लंडला नेले गेले ते दफन आटोपल्यावर. जेकबची रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषांतरात एका भूगोलविषयक नियतकालिकात छापली गेली.

याच सुमारास शरणपूर रिकामे होऊ लागले. १८७३ मध्ये फ्रीअरने झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी केली आणि त्या वर्षी तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्या लोकांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी, हा विचार बळावला. ती उभारायला प्राइसच गेला. मोंबासासमोर १८७४-७५ मध्ये उभ्या राहिलेल्या या गावाला फ्रीअरटाउन नाव मिळाले आणि नाशिकहून सुमारे दीडशे आफ्रिकी तिथे राहायला गेले. सुतार, गवंडी, शिक्षक, दुभाषे सगळे हेच. ‘बॉम्बे आफ्रिकन’ अशी त्यांची ओळख झाली. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले ते पगारावरून आणि मानावरून. वसाहतीतल्या फटक्यांच्या शिक्षेवरून १८८१ च्या सुमारास चौकशीही झाली. आपण शिकवलेली माणसे बरोबरीने वागू पाहतात, ही तक्रार मिशनच्या लोकांना अनेक वर्षे पुरली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. जेकब १८९२ मध्ये उरांबो इथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

नाशिकमध्ये ख्रिस्ती वस्ती राहिली, आफ्रिकी शाळेची आठवण विरत गेली. हातकाम आणि शील यांची सांगड घालण्याची कल्पना पुढे दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या कारणांसाठी उचलली. तळेगावच्या समर्थ विद्यालयात विष्णु गोविंद विजापूरकरांनी १९०६ पासून राष्ट्रीय शिक्षणात उद्योगाला जागा दिली. सरकारने ती शाळा १९१० मध्ये बंद पाडली. १९३७ हे वर्ष या दृष्टीने नजरेत भरते. ऑक्टोबरात वर्धा इथल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, जिच्यात गणित, भूगोल, विज्ञान हे सगळे एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने शिकवायचे होते. त्याच वर्षी नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. शील घडवायचे हे दोघांनाही मान्य. एकाने टकळी हातात दिली, दुसऱ्याने कवायतीच्या मैदानावर उभे केले. नई तालमीचे पुढे बहुतेक शाळांत आठवड्याचा एक सूतकताईचा तास एवढेच झाले, कारण सुताचा उपयोग कुणालाच नव्हता आणि ते तुटले तरी कुणाचे अडत नव्हते.

शरणपुरात राहून गेलेला ‘का’चा प्रश्न आणि नई तालमीत राहून गेलेला गिऱ्हाइकाचा प्रश्न हे दोन्ही एकत्र घेतले ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत अन्नशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले हे गृहस्थ नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथून तयार झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीसाठी मान्य झाला. आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांची प्रत्यक्ष कामे करायची. मुले वायरिंग करतात, वेल्डिंग करतात, माती आणि पाणी तपासतात, रोपवाटिका चालवतात. कामे सरावापुरती न ठेवता शक्य तिथे गावातल्या गिऱ्हाइकासाठी करायची, त्याचा खर्च मांडायचा आणि पैसे घ्यायचे, हा कलबागांचा आग्रह. पाबळच्या मुलांनी भूजल शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजला आणि कमी खर्चाची घुमटाकार घरेही बांधली. अशा घराची जोडणी कोनात चुकली तर वरची शेवटची पट्टी जागेवर बसत नाही, मग मास्तर काहीही म्हणोत. आणि दुरुस्तीचा खर्च हिशेबाच्या वहीत मुलांनाच लिहावा लागतो.